बिनविरोध सिनेमा

उन्हाळ्यात आमच्या साप्ताहिकातल्या बातम्या आटतात. कालव्याला आवर्तन सुटले तर पाणी कुणाला मिळाले आणि कुणाला नाही यावर दोन अंक निघतात. ते संपले की उरतात वाढदिवस. वाढदिवसांच्या शुभेच्छा जाहिरातीच्या पानांवर जातात आणि बातम्यांची पाने संपादकांकडे बघत बसतात. संपादक माझे जुने विद्यार्थी. मी बारामतीत कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो असा त्यांचा समज आहे आणि तो दुर्दैवाने खरा आहे.

मागच्या उन्हाळ्यात नाही, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ते घरी आले आणि म्हणाले, वाचकांना आवाहन करू, तुमचा आवडता उन्हाळी सिनेमा कोणता त्याला मत द्या. मी विचारले, उन्हाळी म्हणजे? भुईमुगासारखा उन्हाळी? त्यांनी सांगितले की मोठ्या शहरांतली वर्तमानपत्रे असे काहीतरी करतात, वाचक गुंततो. वाचक कशात गुंततो हे मला तीस-पस्तीस वर्षे वर्गात समजले नव्हते, त्यामुळे मी वाद घातला नाही.

नंतर विचार केला तेव्हा कल्पना तितकी परकी वाटेना. आमच्या भागात सिनेमा खरोखरच उन्हाळी होता. चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की तंबू यायचा. ऊस गेलेला असायचा, रान मोकळे असायचे, आणि माणसे संध्याकाळी पोती घेऊन तंबूत बसायला जायची. बारा महिने सिनेमा बघणारी माणसे वेगळी. आम्हाला तो आंब्यासारखा वर्षातून एकदाच यायचा आणि तेवढ्यात संपायचा. त्या पिढीला विचारले तर काहीतरी खरे निघेल असे मला वाटले.

प्रायोजकही मिळाले. एमआयडीसीत त्यांचा कूलरचा कारखाना आहे. सर्वांत जास्त मते मिळतील तो सिनेमा मे महिन्यात मोठ्या पडद्यावर उघड्या मैदानात फुकट दाखवण्याचा खर्च त्यांनी उचलला. त्यांची अट साधी होती: कुपन जिथे छापाल तिथे कूलर दिसला पाहिजे, आणि कूलरशेजारी ते. त्यामुळे पहिल्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागात कूलर आला, उरलेल्यात प्रायोजक हात जोडून आले, आणि कोपऱ्यात जी जागा राहिली तिथे मी वाचकांना त्यांचे मत विचारले.

आवाहन असे होते: 'उन्हाळ्यात पाहिलेला आणि मनात राहिलेला एक सिनेमा आठवा. त्याचे नाव खाली लिहा. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका.' त्याखाली तीन ओळी सोडल्या: सिनेमाचे नाव, आपले नाव, गाव.

गाव विचारले ही चूक. टपाल नीट लावता यावे एवढाच माझा हेतू होता. पण बारामती आणि इंदापूर या आमच्या दोन्ही तालुक्यांत नावाखाली गाव लिहायची जागा आली की तो कागद निवडणुकीचा, हे शेंबडे पोरही सांगेल.

पहिले कुपन मी स्वतः आणले. इंदापूर तालुक्यात कळसला माझ्या थोरल्या चुलतभावाचे घर आहे. भाऊ गेल्यानंतर वहिनी, त्यांचा मुलगा आणि सून तिथे राहतात. मुलगा रोज मोटारसायकलवर बारामतीला एमआयडीसीत कामाला येतो. मी अंक घेऊन गेलो तेव्हा वहिनी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. शेंग हाताने चाचपून फोडत होत्या हे मला थोड्या वेळाने लक्षात आले. त्यांना फार वर्षांपासून साखरेचा आजार आहे आणि तो डोळ्यांत उतरला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले होते, आहे तेवढी नजर टिकवायचा प्रयत्न करू, पण वर्षभराच्या पुढचे काही बोलत नाही. मुलाने ते आईला सांगितले नाही. वहिनींनी ते डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून काढून घेतले.

मी आवाहन वाचून दाखवले. शेवटच्या वाक्यावर त्या हसल्या. "लोक काय म्हणतील ह्याचा इचार न करता कळसात कुणी सिनेमा बघितलाय का, भावजी?"

मग त्यांनी त्यांचा सिनेमा सांगितला. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. जत्रेत तंबू लागलेला. सासऱ्यांनी दोन्ही सुनांना जाऊ दिले हे त्या घरात नवल होते. सिनेमातल्या बाईला सासरी फार जाच. भाऊ न्यायला येणार म्हणून निरोप येतो. ती ट्रंक घेऊन एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहते. एक गाडी येते, जाते. दुसरी येते. तिच्यातून माणसे उतरायला लागतात आणि मध्यंतर होते. दिवे लागले, शेंगदाणेवाला आत आला, आणि तंबूच्या भोंग्यावरून सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असे पुकारले गेले की कळसच्या अमक्यांच्या सुनांनी ताबडतोब घरी जावे, गाय अडली आहे.

"मग गाय?" मी विचारले.

"सुटली की. पाडी झाली. सिनेमाच तेवढा अडला."

दुसऱ्या दिवशी तंबू उठला. नंतर घर, रान, मुले. टीव्हीवर तो सिनेमा कधी लागला नाही, लागला असेल तर वीज नव्हती. पुतण्याने मोबाइलवर शोधला तर त्यातली गाणी मिळाली, सिनेमा मिळाला नाही. आणि मोबाइलवर मिळाला असता तरी आता उपयोग नव्हता. तळहाताएवढ्या काचेवर वहिनींना माणूस आणि ट्रंक यांतला फरक दिसत नव्हता. मोठ्या पडद्यावर मात्र दिसेल असे त्या म्हणाल्या. समोरच्या घराची भिंत त्यांना दिसत होती, भिंतीवरची जाहिरातही दिसत होती. पडदा भिंतीएवढा असतो.

"डाक्टर म्हणतो, डोळ्याच्या आतला पडदा खराब झालाय. म्हटलं, मग भाईरचा जरा मोठा लावा." असे म्हणून त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "भाऊ आला का न्हाय, एवढं बघायचं राह्यलंय."

मी सांगू शकलो असतो. तो सिनेमा मी विद्यार्थिदशेत पुण्यात पाहिला होता. तोंड उघडले तशी त्यांनी शेंगांची टरफले माझ्याकडे सरकवली. "तुमी नका सांगू. तुमी सांगितलं की त्याचं पुस्तक होतंय."

कुपन मीच भरले, कारण त्यांना ओळ दिसत नव्हती. सिनेमाचे नाव, वहिनींचे नाव, गाव कळस.

इंदापूरचे एक मंडपवाले आहेत. त्यांच्या चुलत्यांचा जत्रेतला तंबू होता, हे स्वतः मोठे पडदे आणि स्पीकर भाड्याने देतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. सिनेमा मिळेल का म्हणून मी त्यांना विचारले. त्यांनी दोन-तीन फोन केले. पुण्यात एका गृहस्थांकडे त्याची चांगली प्रत होती, पण ते घरगुती बघायला कुणाला देत नव्हते. जाहीर कार्यक्रम असेल आणि साप्ताहिकाचे पत्र असेल तरच ते स्वतः घेऊन येणार. चाचा म्हणाले, "सर, तुमचा सिनेमा निवडून आला पायजे. मग आणायचं माझ्याकडं लागलं."

निवडून आला पाहिजे. तो शब्द मी ऐकला आणि पुढे गेलो.

सुरुवातीचे दोन आठवडे मते आली ती माणसांची आली. एकाने सिनेमाचे नाव लिहून खाली कालव्याच्या टेलला पाणी सोडा असे लिहिले. एका बाईंनी नवऱ्याचे नाव खोडून स्वतःचे लिहिले होते. कुणीतरी कूलरलाच मत दिले. मी खुशीत होतो. मग बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीहून एक गठ्ठा आला, सुतळीने बांधलेला. सगळ्या कुपनांवर एकच सिनेमा आणि अक्षर दोन-तीन जणांचे.

काही वर्षांपूर्वीच्या त्या सिनेमातल्या वरातीचा प्रसंग कऱ्हाटीच्या माळावर चित्रित झाला होता. निम्मे गाव त्यात नाचले आहे, आणि गावातल्या तात्यांचा ट्रॅक्टर नवरदेवाला ओढतो. ट्रॅक्टर नायकापेक्षा जास्त वेळ दिसतो असे तात्यांचे म्हणणे आहे, आणि मी तो प्रसंग पाहिला असल्यामुळे मला ते मान्य करावे लागते. कऱ्हाटीने 'आपला सिनेमा' म्हणून घरटी मते गोळा केली होती. एवढे झाल्यावर गठ्ठ्याची बातमी संपादकांनी आनंदाने छापली.

अंक कळसला पोचला त्या दिवशी वहिनींच्या दारात माणसे आली. बारामती तालुक्याचा सिनेमा निवडून येणार आणि इंदापूर तालुक्याने बघत बसायचे का, असा प्रश्न होता. कळसमधून कुणाचे कुपन गेले आहे याची चौकशी झाली, तेव्हा वहिनींचा सिनेमा सर्वांत आधी गेलेला निघाला. त्या सिनेमाचे नाव तिथल्या बहुतेकांनी ऐकले नव्हते. पण आपल्या बाजूचा आहे म्हटल्यावर तो चांगलाच असणार. आठवडाभरात कळसचा गठ्ठा आला, मग शेजारच्या गावांचे आले. कऱ्हाटीच्या पाहुण्यांच्या गावांनी त्यांना उत्तर दिले. संपादकांच्या कचेरीत उभे राहायला जागा राहिली नाही. ते म्हणाले, सर, वाचक गुंतला.

पुतण्या रोज कामावरून परतताना माझ्याकडे थांबून आकडा विचारायचा. वहिनींनी साडी काढून ठेवली असे त्याने सांगितले. गावातली तरुण मंडळी संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांच्याकडून पहिला अर्धा सिनेमा ऐकून घेत, प्रचाराला कामाला येतो म्हणून. त्या तो इतका चांगला सांगायला लागल्या होत्या, की ट्रंक, थांबा, धूळ सगळे जागच्या जागी असे. दुसऱ्या गाडीतून माणसे उतरायला लागली की त्या थांबत आणि ऐकणारे मुकाट्याने उठून जात.

मतमोजणीच्या चार-पाच दिवस आधी प्रायोजकांनी मला कारखान्यात बोलावले. गेलो तेव्हा कऱ्हाटीचे तात्या आणि कळसचे पुढारी आबा शेजारी शेजारी बसून चहा पीत होते. आमच्याकडे दोन बाजू भांडत असतात तोवर आशा असते. एकत्र चहा पिताना दिसल्या की तुमचे काम झालेले असते, तुम्हाला फक्त कळवायचे राहिलेले असते.

खोलीत विक्रीचे तीन-चार कूलर एकदम चालू होते. त्या आवाजात मला जे सांगण्यात आले ते असे: सिनेमापायी दोन तालुक्यांत वितुष्ट नको. पुढे सोसायटीच्या निवडणुका आहेत, दूध संघ आहे, सोयरिकी आहेत. कळसच्या दोन मुली कऱ्हाटीत दिल्या आहेत आणि त्यांचे सासर-माहेर बोलेनासे झाले आहे. म्हणून यंदा बिनविरोध. दोन्ही सिनेमे माघार घेतील. तिसराच दाखवायचा. जागा कळसची, अध्यक्षस्थान कऱ्हाटीच्या तात्यांचे. पुढच्या वर्षी सिनेमा कळसचा, जागा कऱ्हाटीची. त्याच्या पुढच्या वर्षी उलट.

तिसरा कोणता, मी विचारले. एक गरीब मुलगा मोठा कारखानदार होतो, असा एक सिनेमा होता. त्याला आतापर्यंत एक मत पडले होते. ते प्रायोजकांचे होते.

मी म्हणालो, मत ही एकेका माणसाची आवड आहे, हजारो माणसांनी आपली आवड लिहून दिली आहे, ती मोजली पाहिजे. आबांनी आपुलकीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मोजायची वेळच येऊ द्यायची न्हाय, सर. मोजलं की कुणीतरी पडतंय."

यात दुष्टपणा काही नव्हता, हेच अवघड होते. दोघेही भली माणसे. गावातली किती भांडणे त्यांनी कोर्टाच्या पायरीवरून माघारी आणली आहेत हे मला ठाऊक आहे. मी वाचलेली लोकशाहीवरची सगळी पुस्तके एका बाजूला ठेवली असती तरी त्या दोन मुलींचे सासर-माहेर दुसऱ्या बाजूला जड गेले असते.

रीतीप्रमाणे माघार ज्याचे नाव आहे त्याने घ्यायची असते. म्हणून आम्ही सगळे तिथूनच कळसला गेलो. आपल्या मनात काही नाही हे दिसावे म्हणून तात्याही आले. वहिनींनी पदर सारखा केला, सुनेला चहा टाकायला सांगितले आणि खांबाला टेकून बसल्या.

आबा म्हणाले, "वैनी, एक शब्द मागाय आलोय."

"मागा की."

"तुमचा सिनेमा माघारी घ्या. औंदा बिनविरोध करायचं ठरलंय."

वहिनींनी आवाजाच्या अंदाजाने मान माझ्याकडे वळवली. "भावजी, माघारी घेता येतो व्हय?"

मी म्हणालो की हा उमेदवारी अर्ज नाही. ही तुमची आवड आहे. आवड माघारी घेता येत नाही.

तात्या हसले. "सर, उभा ऱ्हायलेला माणूस सांगितल्यावर बसतो. आवड बसत न्हाय का?"

त्यावर सगळेच हसले, वहिनीही. मग त्यांनी विचारले, "आन् पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तुमचाच," तात्या म्हणाले. "आमच्या गावात दावू. न्यायला गाडी पाठवतो. शब्द म्हंजे शब्द."

आबा-तात्यांना डॉक्टरांचे म्हणणे सांगावे म्हणून मी पुढे सरकलो. एवढेच म्हणालो, की पुढच्या वर्षीपर्यंत वहिनींच्या... "भावजी," वहिनी म्हणाल्या, "च्या गार होतोय तुमचा." चहा अजून आला नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "घेतला माघारी."

मंडळी गेल्यावर मी त्यांना विचारले, डोळ्यांचे का सांगू दिले नाही. त्यांना राग आला. एवढ्या वर्षांत माझ्यावर तो पहिल्यांदाच. "काय सांगू? माझं डोळं चाललं, म्हणून माझा सिनेमा दावा? मग ही मतं कशाला मागितली सगळ्यांना?"

मे महिन्यात कळसच्या शाळेच्या मैदानात तिसरा सिनेमा झाला. आधी सत्कार झाले. प्रायोजकांचा झाला, तात्यांचा झाला, मग वहिनींना माघार घेतल्याबद्दल शाल आणि नारळ. मतदान घेतल्याबद्दल मलाही नारळ मिळाला, न मोजल्याबद्दल असेल. वहिनींना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवले होते. सिनेमा संपल्यावर मी विचारले, कसा वाटला. त्या म्हणाल्या, "बरा व्हता. त्या पोराचं दात किती पांढरं हायती." दात. त्यांना दात दिसले होते.

त्याच आठवड्यात मी चाचांकडे गेलो. आपण एक छोटा जाहीर कार्यक्रम करू, वाचनालयाचे पत्र मिळवतो, कळसलाच दाखवू. चाचा लगेच तयार झाले, पुण्याच्या गृहस्थांशी बोललेसुद्धा. प्रायोजकांना मात्र पटले नाही; एका बाईसाठी पडदा लावला तर लोक काय समजतील, असे ते म्हणाले. त्यांच्यावाचून अडणार नव्हते. अडले ते वहिनींपाशी. त्यांनी ऐकून घेतले आणि मान हलवली.

"त्यांनी शब्द दिलाय, भावजी. मधीच आपण बघून टाकला तर त्यांचा शब्द खोटा पडतो. मग पुढच्या वर्षी ते काय दावणार? कऱ्हाटीची माणसं तोंडावर पडत्याल."

मी म्हणालो, त्यांना कळणार नाही. त्या म्हणाल्या, कळसात पडदा लागलेला कऱ्हाटीला कळणार नाही, असे तुम्हाला कॉलेजात शिकवले का. पुतण्याने विनवले, सून रडली. मी तर असे म्हणालो की शब्द माणसासाठी असतो, माणूस शब्दासाठी नसतो. वहिनींनी ते शांतपणे ऐकले. वाक्य चांगले असले की त्या असेच ऐकतात.

नंतरचे वर्ष कसे गेले ते काय सांगू. मी दर पंधरा दिवसांनी जात होतो. डोळ्यांत इंजेक्शने झाली, पथ्य झाले. गणपतीत त्यांना भिंतीवरची जाहिरात वाचता येईना. दिवाळीत ती जाहिरात आहे एवढे कळत होते. ऊस तुटायच्या दिवसांत एकदा त्यांनी मला विचारले, समोरच्यांनी घराला रंग दिला का? दिला नव्हता. संक्रांतीनंतर समोर भिंत आहे हे त्या उजेडावरून सांगायच्या, आणि नंतर तेही सोडून दिले.

आबांना आणि तात्यांना तोवर सगळे कळले होतेच. गावात काय लपते. तात्या एकदा मुद्दाम वाट वाकडी करून माझ्याकडे आले. मला वाटले, कार्यक्रम अलीकडे घेऊ म्हणतील. ते म्हणाले, "सर, आदी सांगितलं असतं तर तवाच दावला असता की आमी." जाताना म्हणाले, "पण दावणार. शब्द मोडायचा न्हाय." त्या घटकेला त्यांच्यापाशी शब्दाखेरीज देण्यासारखे काही नव्हते, आणि माझ्यापाशी तेवढेही नव्हते.

दुसऱ्या वर्षी मतदान झाले नाही, कारण निकाल ठरलेला होता. तरी संपादकांनी कुपन छापले. कूलर छापायचा होता.

शब्दाप्रमाणे कळसला गाडी आली. पाच आसनांच्या गाडीत कऱ्हाटीत दिलेल्या त्याच दोन सासुरवाशिणी आपल्या माहेरच्या वहिनींना न्यायला बसून आल्या होत्या. इंदापूरहून पडदा आला, पुण्याचे गृहस्थ प्रत घेऊन आले. देवळापुढच्या पटांगणात अंधार पडायच्या आधीपासून माणसे येऊन बसली. एवढी माणसे त्या सिनेमाला त्याच्या काळातही लाभली नसतील. तात्यांनी वहिनींचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत नेले आणि मला शेजारी बसवले. वहिनींनी गेल्या वर्षी काढून ठेवलेली साडी नेसली होती.

पहिला अर्धा भाग त्यांना माझी गरज नव्हती. कोण कुठे उभे आहे, सासू कधी आत येते, ट्रंकेचे झाकण कधी पडते, हे त्याच मला हळूच सांगत होत्या. एसटीचा आवाज आला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मध्यंतर झाले. कुणी पाणी आणून दिले, त्यांनी घेतले नाही. पुन्हा सुरू झाले तेव्हा त्या सोफ्याच्या कडेला आल्या.

मी ज्याची वर्षभर धास्ती घेतली होती ते मला आठवत होते, आणि तरी मी त्याला तयार नव्हतो. मध्यंतरानंतरच्या त्या प्रसंगात कुणी एक अक्षर बोलत नाही. संगीतही नाही. एसटीचे इंजिन घरघरते, मग बंद पडते, आणि मग नुसता वारा. पटांगणात हजारभर माणसे बसली होती आणि सगळी गप्प होती, कारण सगळ्यांना दिसत होते.

"काय चाललंय?" वहिनींनी विचारले.

"माणसे उतरतायत."

"भाऊ?"

"अजून नाही."

वारा चालूच होता. मी पडद्याकडे बघत होतो. एक म्हातारा उतरला, एक बाई पोराला घेऊन उतरली, कंडक्टर उतरून उभा राहिला. त्या काळातले दिग्दर्शक घाई करत नसत. मनात आले, भाऊ उतरला असे सांगून टाकावे. कुणाला कळले असते? पण पुढे तासभर सिनेमा होता आणि त्यात बोलणे होते.

"वहिनी, गाडी रिकामी झाली," मी म्हणालो. "भाऊ आला नाही. ती ट्रंक उचलतेय. त्याच गाडीत चढतेय."

"एकटी?"

"एकटीच."

इंजिन पुन्हा सुरू झाले. वहिनी मागे टेकल्या आणि माझा हात सोडला. म्हणाल्या, "बरं झालं. एवढा उशीर केल्यावर येऊन तरी काय करणार व्हता तो."

उरलेला सिनेमा त्यांनी ऐकला. मला काही विचारले नाही.

शेवटी भाषणे झाली. प्रायोजक बोलले, आबा बोलले. तात्या बोलायला उभे राहिले आणि त्यांना नीट बोलता येईना, तेव्हा ते माइक घेऊन वहिनींपाशी आले आणि म्हणाले, वैनी, तुमीच दोन शब्द बोला. सगळ्या पटांगणाला वहिनींचे डोळे ठाऊक होते. पुढच्या रांगांतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मी माइक बाजूला करायला हात पुढे केला, तोवर त्या उभ्या राहिल्या होत्या. तोंड त्यांनी पडद्याकडे केले होते, माणसे मागे होती. तात्यांनी त्यांना खांद्याला धरून माणसांकडे वळवले.

"लई मोठा पडदा लावला," वहिनी माइकमध्ये म्हणाल्या. "मला सगळं दिसलं."

टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. तात्या रडत होते. संपादकांनी माझ्या कानाशी येऊन विचारले की हेच वाक्य पहिल्या पानावर घेऊ का, आणि मी हो म्हणालो.